रांजण कोण भरतो?

ह्या व्याख्यानाचा विषय 'संगणकाच्या धंद्यातील ताज्या घडामोडी' असा जाहीर झाला, आणि तेव्हापासून भेटेल त्याने मला एकच प्रश्न विचारला: कृत्रिम बुद्धिमत्ता आमच्या मुलांच्या नोकऱ्या खाणार काय? प्रश्न रास्त आहे. ज्या घरातला एकही मुलगा वा मुलगी इंजिनिअरिंगला गेलेली नाही असे घर आता पुण्यात शोधावे लागेल. परंतु मी वीस-बावीस वर्षे प्रोग्रॅम लिहून पोट भरणारा एक साधा कारागीर आहे. भविष्य सांगणे हा माझा धंदा नव्हे. शिवाय वर्तमानपत्रांत आमच्या धंद्याच्या ज्या बातम्या मोठ्या मथळ्यांनी येतात, त्या बहुधा कोणी किती अब्ज डॉलर ओतले आणि कोणी किती माणसे कमी केली एवढ्यापुरत्याच असतात. आमच्यासारख्यांची झोप उडवणारी बातमी निराळी असते. ती पुष्कळदा आतल्या पानावर चार ओळींत येऊन जाते. अशाच एका बातमीची हकीकत मी आज सांगणार आहे. ती २०२४ सालच्या मार्च महिन्याची आहे. वरच्या प्रश्नाशीही तिचा संबंध आहे, तो शेवटी येईल.

चैत्र-वैशाखात आपल्याकडे जागोजाग पाणपोया लागतात. रस्त्याने जाणारा वाटसरू येतो, ओगराळ्याने पाणी घेतो, तहान भागवतो आणि निघून जातो. रांजण कोणाचा, तो सकाळी कोणी धुतला, पाणी कोठून आणले, हे विचारायला कोणी थांबत नाही. थांबावे अशी अपेक्षाही नसते. संगणकाच्या जगातही अशा पाणपोया आहेत. त्यांना मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. कोणी तरी एक प्रोग्रॅम लिहितो, त्याची मूळ संहिता जगापुढे उघडी ठेवतो आणि म्हणतो, 'घ्या, वापरा, बदला, दुसऱ्याला द्या.' पैसे मागत नाही. लिनक्स ही अशीच एक मोठी सार्वजनिक वस्तू आहे. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या तळाशी तीच आहे. जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांची जी यादी वर्षातून दोनदा निघते, तीत २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवाचून चालणारा एकही संगणक नाही. बँकांचे, रेल्वेचे, रुग्णालयांचे व्यवहार ज्या दूरच्या यंत्रांवर चालतात त्यांतील फार मोठा भाग ह्याच पाण्यावर जगतो.

लिनक्सला आता मोठमोठ्या कंपन्यांचा आश्रय आहे. तिथे पगारी माणसे आहेत. परंतु लिनक्स म्हणजे एकच रांजण नव्हे. तिच्या भोवती हजारो लहान लहान मडकी मांडलेली आहेत, आणि त्यांतील कित्येकांना पाणी भरणारा माणूस अवघा एक असतो. अशा माणसाला आम्ही मेंटेनर म्हणतो. सांभाळणारा.

ह्या हजारो मडक्यांतील एकाचे नाव एक्सझेड. त्याचे काम दस्तऐवज आवळून लहान करणे. हे कसे होते ते आरतीसंग्रहाचे पुस्तक डोळ्यांपुढे आणल्यास चटकन कळेल. ध्रुपद पहिल्या वेळी पूर्ण छापतात. पुढे प्रत्येक कडव्याखाली दोन शब्द आणि काही टिंबे. वाचणाऱ्याला खूण पुरते, आणि पुस्तक निम्म्या पानांत आटोपते. एक्सझेड हेच करतो, फक्त फार बारकाईने: मागे येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला की तो पुन्हा न लिहिता 'इतके मागे जा, इतकी अक्षरे घे' अशी खूण लिहितो. ह्या पद्धतीचा मूळ कर्ता इगोर पावलोव्ह नावाचा रशियन प्रोग्रॅमर. तिला लिनक्सच्या जगात बसवून २००५ च्या सुमारापासून तिचा सांभाळ केला तो फिनलंडच्या लासे कॉलिन ह्यांनी. नोकरी म्हणून नव्हे. आवड म्हणून, फावल्या वेळात. लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक यंत्रावर हे मडके असते. ते आहे हे यंत्र वापरणाऱ्याच्या गावीही नसते.

२०२१ च्या ऑक्टोबरअखेर ह्या पाणपोईवर एक नवा मदतनीस आला. त्याने आपले नाव जिया टॅन असे सांगितले. त्याने एक लहानशी दुरुस्ती पाठवली, मग आणखी एक. दुरुस्त्या चांगल्या होत्या. आमच्या धंद्यात अनोळखी माणसाने अशी मदत करणे ही नेहमीची गोष्ट आहे, किंबहुना सगळा कारखानाच त्यावर चालतो. कोणी कोणाला पाहिलेले नसते. काम हीच ओळख.

पुढे २०२२ च्या एप्रिलपासून पत्रांचा एक प्रकार सुरू झाला. ती पत्रे आजही जशीच्या तशी पाहावयास मिळतात, आणि ह्या सबंध प्रकरणातील सर्वांत वाचण्याजोगा भाग मला तोच वाटतो. जिगर कुमार ह्या नावाने एक जण लिहू लागला: दुरुस्त्या पडून राहतात, नवी आवृत्ती वर्षानुवर्षे निघत नाही, नवा सांभाळणारा आल्याशिवाय येथे काही हलावयाचे नाही. (नाव आपल्याकडचे आहे म्हणून माणूसही आपल्याकडचाच होता असे समजू नये. कोणत्याही पत्रव्यवहारात एखादा भारतीय प्रोग्रॅमर असावयाचाच, हे जगाने गृहीत धरले आहे. तेव्हा सोंग घेणाऱ्याला हे नाव सोयीचेच.) मग डेनिस एन्स नावाचा दुसरा आला. त्याचा सूर सौम्य, पण बोच तीच. ८ जून २०२२ ला कॉलिन ह्यांनी उत्तर दिले. त्यांनी लिहिले की, माझा रस संपलेला नाही, पण बराच काळ मन ठीक नसल्यामुळे आणि इतर काही कारणांनी माझी शक्ती मर्यादित झाली आहे; आणि हे बिनपगारी छंदाचे काम आहे, हे कृपा करून ध्यानात ठेवा.

हे उत्तर वाचल्यावर कोणीही गप्प बसला असता. डेनिस एन्स गप्प बसला नाही. त्याने सहानुभूती व्यक्त केली आणि पुढच्याच वाक्यात सुचवले की, माणसाने आपल्या मर्यादा ओळखाव्यात, लोकांना अधिक हवे आहे, तेव्हा काम दुसऱ्याच्या हाती सोपवावे. जून संपता संपता कॉलिन लिहून गेले की, जिया टॅन हा व्यवहारात जोडीदारच झालेला आहे.

ज्यांनी नंतर ह्या प्रकरणाचा तपास केला त्यांतील बहुतेकांचे मत असे की, तक्रार करणारे आणि मदत करणारा हे एकाच मंडळीचे. एकाने दार ठोठवावयाचे, दुसऱ्याने आतल्या दमलेल्या माणसाला पाणी द्यावयाचे. हे लक्षात घ्या की, येथवर यंत्राला कोणी हातही लावलेला नाही. कोणतेही कुलूप तोडलेले नाही. घाव पडला तो माणसाच्या थकव्यावर.

येथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. ही पत्रे मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला त्यांची भाषा ओळखीची वाटली, आणि का वाटली ते आठवल्यावर कानशिले गरम झाली. २०१९ साली एका गिऱ्हाइकाच्या बिलांवर आमच्या प्रोग्रॅममुळे तारखा चुकीच्या छापल्या जात होत्या. चूक आमची नव्हती. आम्ही वापरत असलेल्या एका लहानशा मुक्त सॉफ्टवेअरची होती. मी त्या मेंटेनरला कळवले. तीन आठवडे उत्तर नाही. वरिष्ठ रोज विचारत होते. तेव्हा मी त्या गृहस्थाला जगजाहीर पानावर लिहिले की, आपल्याला वेळ नसेल तर हे काम ज्याला वेळ आहे अशा कोणाला तरी देऊन टाकावे. मी सोंग घेतलेले नव्हते. माझा कोणताही कट नव्हता. मला फक्त घाई होती आणि वस्तू फुकट होती. माझे पत्र आणि जिगर कुमारचे पत्र शेजारी ठेवली तर कोणते प्रामाणिक आणि कोणते कपटी, हे कोणालाही सांगता येणार नाही. सोंग घेणाऱ्यांना नवी भाषा शोधावी लागलीच नाही. आम्ही ती आधीच तयार करून ठेवली होती.

२०२३ सालापर्यंत जिया टॅनच्या हाती नव्या आवृत्त्या काढण्याचा अधिकार आला. तो वर्षभर मुकाट्याने काम करीत राहिला, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्याने विष घातले. ते कसे घातले हे थोडे समजून घेण्यासारखे आहे.

मुक्त सॉफ्टवेअरची मूळ संहिता सर्वांना दिसते, मग विष दिसले कसे नाही? दोन युक्त्या होत्या. पहिली अशी. आवळणारा प्रोग्रॅम फाटक्या, बिघडलेल्या दस्तऐवजापुढे कोलमडत तर नाही ना, हे तपासण्यासाठी काही मुद्दाम बिघडवलेले नमुने संहितेसोबत ठेवलेले असतात. ते निरर्थक असावयाचेच. कोणी उघडून वाचीत नाही. विष त्या नमुन्यांत दडवले होते. दुसरी युक्ती अशी. लोक जी गाठोडी उतरवून घेतात ती मेंटेनर स्वतः बांधून ठेवतो. भिंतीवर पाककृती लावलेली आहे आणि दुकानात मसाल्याचे पाकीट मिळते, असे समजा. पाककृती सगळ्यांनी वाचली. पाकिटात तेवढेच आहे की चिमूटभर जास्त, हे कोणी ताडून पाहिले नाही. गाठोड्यात एक लहानशी ओळ जास्त होती. यंत्रावर प्रोग्रॅम बांधला जात असताना ती ओळ त्या बिघडलेल्या नमुन्यातून विष बाहेर काढून त्यात मिसळत असे. २४ फेब्रुवारीला ५.६.० ही आवृत्ती निघाली, ९ मार्चला ५.६.१.

पण दस्तऐवज आवळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये विष घालून मिळवायचे काय? त्याचे लक्ष्य दुसरेच होते. दूरच्या यंत्रात त्याचा व्यवस्थापक ज्या दिंडीदरवाजाने आत शिरतो त्याला एसएसएच म्हणतात. हा दरवाजा फार चोख माणसांनी बांधलेला आहे, आणि त्याचा एक्सझेडशी काही संबंध नाही. परंतु लिनक्सच्या काही वितरकांनी आपल्या सोयीसाठी त्या दरवाजाला सिस्टमडी नावाच्या आणखी एका प्रोग्रॅमची जोड दिली होती, आणि सिस्टमडीला एक्सझेड लागत असे. म्हणजे नाते सोयऱ्याच्या सोयऱ्याचे; पण त्या नात्याने एक्सझेड दरवाजाच्या आत येऊन बसत असे. आत बसल्यावर त्याने किल्ली तपासणाऱ्या पहारेकऱ्याची जागा घेतली. सामान्य माणसाची किल्ली आली की जुन्या पहारेकऱ्याकडे मुकाट्याने पाठवावयाची. आणि एका विशिष्ट गुप्त किल्लीची खूण असलेला हुकूम आला की तो यंत्राच्या सर्वाधिकाऱ्याच्या अधिकाराने अमलात आणावयाचा. ती किल्ली जगात एकाच ठिकाणी. दुसऱ्या चोराला ह्या चोरवाटेचा उपयोग नव्हता, तिचा माग लागणेही त्यामुळे कठीण. हे ज्यांच्या डोक्यातून निघाले ते पोरसवदा उपद्व्यापी नव्हेत एवढे खास. जिया टॅन हा एक माणूस की एखाद्या राज्याने पोसलेली मंडळी, हे आजवर जाहीरपणे सिद्ध झालेले नाही.

विषारी आवृत्ती डेबियन, फेडोरा इत्यादी वितरकांच्या चाचणीच्या आवृत्त्यांत शिरली. स्थिर आवृत्त्यांत, म्हणजे जगाच्या रोजच्या व्यवहाराच्या यंत्रांत, ती अजून गेलेली नव्हती. तीही वेळ फार लांब नव्हती. फेडोराची ४० वी आवृत्ती आणि उबुंटूची २४.०४ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती, दोन्ही त्याच एप्रिलात निघावयाच्या होत्या. २८ मार्चला जिया टॅनने उबुंटूकडे स्वतः मागणी नोंदवली की, ५.६.१ घ्या. त्याच दिवशी दुसरीकडे एक गृहस्थ डेबियनच्या लोकांना खाजगी पत्र लिहून सावध करीत होते.

त्यांचे नाव आंद्रेस फ्रॉइंड. ते पोस्टग्रेस ह्या मुक्त डेटाबेसचे एक कर्ते, नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये. सुरक्षा हा त्यांचा विषय नव्हे, हे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. त्यांना पोस्टग्रेसचा वेग मोजावयाचा होता, आणि बारीक मापे घ्यावयाची तर यंत्र शांत असावे लागते. सोनाराच्या तराजूजवळ पंखा चालत नाही, तसे. त्यांचे यंत्र शांत होईना. पाहतात तो, अनोळखी लोक चुकीच्या नावांनी दरवाजा ठोठवीत होते (हे इंटरनेटवर अष्टौप्रहर चालूच असते) आणि त्यांना नुसते परत पाठवण्यात दरवाजा नको इतकी शक्ती खर्च करीत होता. त्यांनी वेळ मोजली. पूर्वी जिथे सुमारे तीन दशांश सेकंद लागत तिथे आता आठ दशांश लागत होते. अर्धा सेकंद. काही आठवड्यांपूर्वी एका चाचणीत आलेली एक विचित्र तक्रारही त्यांना आठवली. आपल्यापैकी कोणीही म्हटले असते, नेट मंद असेल. ते म्हणाले नाहीत. धागा ओढत ओढत ते एक्सझेडपर्यंत आणि त्या बिघडलेल्या नमुन्यांपर्यंत पोहोचले. विष आपली जागा शोधण्याची जी खटपट दरवाजा उघडताना करीत होते, तिला तो अर्धा सेकंद लागत होता.

शुक्रवार २९ मार्च २०२४ ला त्यांनी सर्व हकीकत जाहीर केली. तिकडे गुड फ्रायडेची सुट्टी, आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजायला आलेले. धोक्याला दहापैकी दहा गुण मिळाले. दुसरा दिवस रंगपंचमीचा होता. सोसायटीतली मुले पिंपात रंग कालवीत होती आणि आम्ही चौघे-पाच जण आपापल्या घरून एकेक यंत्र उघडून त्यावर एक्सझेडची कोणती आवृत्ती आहे हे वहीत टिपीत होतो. आमच्याकडे विषारी आवृत्ती एकाच यंत्रावर निघाली, आणि ते एका उत्साही मुलाने चाचणीसाठी उभे केलेले. दुपारी दोनला काम आटोपले. त्या दिवशी मी मनाशी हिशेब केला: ही वस्तू आम्ही किती वर्षे वापरतो? चौदा. त्या चौदा वर्षांत ती कोण सांभाळतो हे आमच्यापैकी किती जणांना ठाऊक होते? एकालाही नाही.

हे काही प्रथमच घडले असे नाही. २०१४ च्या एप्रिलात हार्टब्लीड नावाचा दोष उघडकीस आला. जगातील गुप्त व्यवहार ज्या ओपनएसएसएलवर चालत, त्यातील ही चूक दोन वर्षे कोणाच्या लक्षात आली नव्हती. तेव्हा कळले की, त्या कामाला वर्षाकाठी सुमारे दोन हजार डॉलर देणगी मिळत असे आणि पूर्ण वेळ राबणारा माणूस एकच होता. २०१६ साली एका चिडलेल्या प्रोग्रॅमरने आपले अकरा ओळींचे एक चिमुकले सॉफ्टवेअर मागे घेतले, आणि हजारोंची कामे काही तास अडली. २०२१ च्या डिसेंबरात लॉगफोरजे. त्यानंतरची एक गंमत सांगण्यासारखी आहे. कर्ल नावाचा एक प्रोग्रॅम आहे. इंटरनेटवरून माल उतरवून घेण्याचे काम तो करतो. त्याचे कर्ते स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग. २०२२ च्या जानेवारीत त्यांना एका बलाढ्य कंपनीचे पत्र आले की, लॉगफोरजेच्या दोषासंबंधी पुढील प्रश्नांची उत्तरे चोवीस तासांत द्यावीत. कर्लचा लॉगफोरजेशी काही संबंध नाही. त्या कंपनीने स्टेनबर्ग ह्यांना कधी एक पैसा दिलेला नव्हता. कंपनीच्या यादीत त्यांचे नाव 'पुरवठादार' म्हणून पडले होते, एवढेच. स्टेनबर्ग ह्यांनी कळवले की, करार करा, मग आनंदाने उत्तरे देतो.

हे नुसते हसण्यावारी नेण्यासारखे नाही, कारण त्या कंपनीची बुद्धी आणि आपली बुद्धी एकच आहे. रंगपंचमीच्या त्या शनिवारानंतर मी आमच्या ऑफिसात एक प्रस्ताव ठेवला. आपण ज्या वीस-पंचवीस लहान वस्तूंवर उभे आहोत त्यांच्या सांभाळणाऱ्यांना वर्षाला थोडी थोडी रक्कम पाठवावी. रक्कम आमच्या वार्षिक स्नेहसंमेलनाच्या जेवणावळीहून कमी होती. वरिष्ठांची ना नव्हती. कागद अकाउंट्समध्ये गेला आणि तिथून तीन प्रश्न घेऊन परत आला: कोटेशन कुठे आहे? बिल कोण देणार? जी वस्तू फुकट मिळते तिचे पैसे कोणत्या खात्यावर टाकायचे? अकाउंट्समधल्या बाईंना मी दोष देत नाही. ऑडिटरने हेच विचारले असते. विकत घेणे आणि दान देणे एवढे दोनच रकाने त्यांच्या वहीत होते. ज्याच्यावर आपला धंदा उभा आहे पण जो आपल्याला काही विकत नाही, अशा माणसासाठी तिसरा रकाना नव्हता. शेवटी दोन वस्तूंचे पैसे प्रशिक्षणाच्या खर्चात घालून गेले. बाकीच्यांचे राहिले ते राहिलेच.

इतरत्र थोडी जाग आली आहे. जर्मनीने २०२२ सालीच अशा मुक्त वस्तूंच्या सांभाळासाठी सरकारी निधी काढला. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स ॲक्ट १० डिसेंबर २०२४ पासून अमलात आला असून त्याची मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू व्हावयाची आहेत. त्यात मला पटलेली गोष्ट ही की, जो वस्तू विकून पैसा मिळवतो त्याने तिच्यात घातलेल्या फुकटच्या भागांचीही जबाबदारी घ्यावयाची. छंद म्हणून लिहिणाऱ्याच्या डोक्यावर ती टाकावयाची नाही. युरोपात माल विकणाऱ्या पुण्याच्या कंपन्यांनाही हे टाळता येणार नाही, आणि मग तो तिसरा रकाना आपोआप निघेल, अशी मला आशा आहे. परंतु पैशाने सगळे भागेल असे मात्र मला वाटत नाही. कॉलिन ह्यांना त्या जून महिन्यात कोणी पैसे दिले असते तर दुखणे बरे झाले असते काय? त्यांना दुसरा माणूस हवा होता. दुसरा माणूस आलाही, आणि तो कोण निघाला ते आपण पाहिले. खऱ्या मदतीची जागा रिकामी होती म्हणून खोटी मदत तिथे बसू शकली. आता जो तो म्हणतो, अनोळखी मदतनिसावर विश्वास ठेवू नका. ठीक आहे, पण ओळखीचा कोणी येत नाही, त्याचे काय?

आता तो आरंभीचा प्रश्न. कृत्रिम बुद्धिमत्ता नोकऱ्या खाईल की नाही हे मला सांगता येत नाही, पण ती ह्या लोकांचा वेळ खाऊ लागली आहे हे दिसते. त्याच कर्लमध्ये दोष शोधून देणाऱ्याला बक्षीस देण्याची योजना २०१९ पासून होती. यंत्राकडून लिहवून घेतलेल्या खोट्या दोषांच्या तक्रारींचा असा पूर आला की, २०२६ च्या जानेवारीअखेर स्टेनबर्ग ह्यांनी ती बक्षिसे बंद केली. तक्रार वाचावयास घेतली की भाषा सुरेख, मांडणी व्यवस्थित, आणि दोष अस्तित्वातच नाही; पण नाही हे ठरवावयाला जाणत्या माणसाचे दोन तास जातात. २०२२ साली एका माणसाला थकवण्यासाठी निदान दोन-तीन सोंगे उभी करून हाताने पत्रे लिहावी लागली होती. आता तेवढेही श्रम नकोत. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: तीच साधने जाणत्याच्या हाती पडली तर खरे दोष शोधून देतात, आणि तसे दोष कर्लमध्येही सापडलेले आहेत. फ्रॉइंड ह्यांच्या हाती मात्र त्या दिवशी वेग मोजण्याची साधी, जुनी साधने होती, आणि अर्धा सेकंद का लागला हे कळल्याखेरीज पुढे न जाण्याची सवय होती.

लासे कॉलिन बातमी फुटली तेव्हा सुट्टीवर होते. जिया टॅनबरोबर त्यांचेही खाते गिटहबने काही दिवस बंद ठेवले. परत आल्यावर त्यांनी आपल्या जोडीदाराने अडीच वर्षांत केलेले काम पुन्हा एकेक ओळ करून वाचले, आणि २९ मे २०२४ ला विष काढलेली ५.६.२ ही आवृत्ती काढली. एक्सझेड आजही तेच सांभाळतात.

२०१९ सालचे माझे ते पत्र अजून त्या पानावर आहे. त्याखाली त्या मेंटेनरचे उत्तर आहे, दोन ओळींचे: उशिराबद्दल क्षमा करा, सध्या रात्रपाळी चालू आहे, रविवारी बसतो. त्याखाली रविवारची तारीख आणि केलेली दुरुस्ती. गेल्या वर्षी मी तिथे जाऊन त्यांना विचारले की, आपल्याकडे पडून राहिलेल्या तक्रारींपैकी काही मी पाहू का? त्यांनी सतरा तक्रारींची यादी पाठवली. त्यांतल्या सहा झाल्या आहेत.